मरा तो मराच ना!

दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात 'मारणे' या क्रियापदावरून भांडण झाले. विषय व्याकरणाचा नव्हता. मधल्या सुट्टीनंतर आम्ही वर्गात शिरलो तर मागच्या बाकांवर आवाज चढलेले. एकजण सांगत होता, काल रात्री मी सात 'किल' केले. दुसरा त्याला अडवत होता, किल नव्हे, 'फिनिश' म्हण. तुझ्या मोबाईलवरही तेच लिहून येते. पहिल्याला ते मान्य नव्हते. शेवटी तिसऱ्याने आमच्याकडे वळून निकालच देऊन टाकला, "सर, मरा तो मराच ना!"

ही मुले सोलापूरची. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, आणि गल्लीत पद्मशाली शेजारी असला तर चार शब्द तेलुगूचे. त्या 'मराच'मधला 'च' मराठीने दखनीला दिलेला. दिल्ली-लखनौचा माणूस तिथे 'ही' म्हणेल. नोकरीला लागलो तेव्हा हा 'च' मुलांच्या जिभेवरून काढणे हे आम्ही आपले कर्तव्य समजत होतो. पुढे लक्षात आले की घरी अम्मीशी बोलताना तो आमच्याही तोंडून जात नाही. मग टोकणे सोडून दिले.

त्या दिवशी मात्र आम्ही 'फिनिश'ला उर्दूत काय म्हणाल, असे वर्गाला विचारले. खत्म, तमाम, काम तमाम, असे शब्द आले. एकाने 'फारिग' सांगितले आणि वर्ग हसला. तास संपला, पण आमच्या डोक्यातून तो शब्द गेला नाही. मोबाईलमधल्या खेळातला एक शब्द कुणी तरी मुद्दाम बदलला होता, आणि आमच्या वर्गातली मुले त्यावरून दोन पक्षांत वाटली गेली होती.

ज्यांच्या घरात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आहे त्यांना हा खेळ सांगावा लागणार नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. शंभर खेळाडू एका विमानातून बेटावर उतरतात. हत्यारे तिथेच घराघरांत पडलेली असतात, ती शोधायची. एक निळे वर्तुळ आवळत येते, त्याच्या आत राहायचे, आणि शेवटपर्यंत जो टिकेल तो जिंकला. चौघांचा गट करूनही खेळता येते. गटातला एखादा गोळी लागून पडला तर लगेच मरत नाही. गुडघ्यांवर सरपटत राहतो आणि सोबत्याने जवळ येऊन काही सेकंद हात दिला तर उठतो. याला मुले 'नॉक' आणि 'रिव्हाइव्ह' म्हणतात. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

पबजी नावाने हा खेळ 2018 साली मोबाईलवर आला. गलवानच्या चकमकीनंतर, 2 सप्टेंबर 2020 रोजी, सरकारने बंदी घातलेल्या 118 ॲपमध्ये तोही होता. 2021च्या जुलैमध्ये तो 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' हे नवे नाव घेऊन परतला. 2022च्या जुलैत पुन्हा गेला, 2023च्या मेमध्ये पुन्हा आला. नव्या अवतारात रक्त हिरवे झाले होते आणि 'किल'च्या जागी 'फिनिश' आले होते. सुरुवातीला एक सूचनाही ऐकू येते की हे खरे जग नव्हे, खेळ आहे. चीनमध्ये तर 2019 साली याहून गंमत झाली. तिथे पबजीच्या जागी जो खेळ आणला त्यात गोळी लागलेला माणूस मरतच नाही. आपले सामान पेटीत भरून समोरच्याला देतो, हात हलवून निरोप घेतो आणि नाहीसा होतो. मुलांना हे सांगितले तेव्हा ती पोट धरून हसली. एकजण म्हणाला, "सर, मरके टाटा करता?"

आम्हाला त्या खेळातल्या शब्दांची गोडी लागली, हे कबूल केले पाहिजे. भाषेच्या मास्तराला सवय वाईट. मुले दिवसभर 'लूट' म्हणतात, 'यहाँ लूट अच्छी है', आणि तो इंग्रजी शब्द समजतात, कारण खेळात तो इंग्रजी अक्षरांत लिहिलेला असतो. अठराव्या शतकात इंग्रज आपल्याकडून जे काही घेऊन गेले त्यात हा शब्दही होता, हे सांगितल्यावर दोघा-तिघांनी वहीत लिहून घेतले. त्यांचा दुसरा आवडता शब्द 'कॅम्पर'. म्हणजे जो एका जागी लपून बसतो आणि येणाऱ्याला टिपतो. ही शिवी आहे. पण कुणीही स्वतःला कॅम्पर म्हणवून घेत नाही. स्वतः लपला की ती 'स्ट्रॅटेजी', दुसरा लपला की तो कॅम्पर.

तेव्हा आम्ही त्यांना 'गनीम' शब्द सांगितला. अरबीत 'गनीमत' म्हणजे युद्धात हाती लागलेली लूट. उर्दूत तिचा अर्थ पुढे 'नशीब म्हणायचे' इथपर्यंत सौम्य झाला. लुटणारा, शत्रू, तो गनीम. मोगलांच्या फारसी कागदांत मराठ्यांना गनीम म्हटलेले आहे. आणि मराठीत त्याच शब्दातून 'गनिमी कावा' झाला, ज्याचा अभिमान शाळेच्या पुस्तकातून आम्ही सगळेच शिकलो. शत्रूने दिलेले नाव माणसे कधी कधी अंगावर मिरवतातही. मुलांना हे पटले. एकाने लगेच जाहीर केले की यापुढे मी कॅम्पर नाही, मी गनिमी कावा करतो.

प्रत्येक दिलेले नाव असे मिरवता मात्र येत नाही.

आमचा एक विद्यार्थी होता, 2025 साली दहावी झाला. अबोल, गणितात बरा, निबंधात कच्चा. पूर्वी खेळात त्याचे नाव म्हणजे स्वतःचे नाव आणि पुढे 786. मग एके दिवशी मुले त्याला 'ओ चटणी' म्हणून हाक मारू लागली. चौकशी केली तेव्हा कळले की त्याने खेळातले नाव बदलून 'शेंगाचटणी' ठेवले आहे. आम्हालाही हसू आले. सोलापूरच्या माणसाने जगाला स्वतःची ओळख याहून चांगली काय द्यावी? पण पुढे एकदा तो एकटा वह्या घेऊन आमच्याबरोबर शिक्षकखोलीपर्यंत आला, तेव्हा सहज विचारले, नाव का बदललेस?

तो म्हणाला, "सर, अब उठाते."

आधी आम्हाला अर्थ कळला नाही. मग त्याने सांगितले. खेळात अनोळखी तिघांबरोबर गट पडतो. जुन्या नावाने खेळताना तो पडला की सोबत्यांना हाक मारायचा, भाई, उठाओ. काही उठवायचे. काही जवळ येऊन उभे राहायचे आणि उठवायचे नाहीत. याला पाकिस्तानात पाठव, असे एकमेकांना म्हणायचे, आणि वर्तुळ आवळत यायचे. नाव बदलल्यापासून आणि माईकवर मराठी बोलू लागल्यापासून उठवतात. हे सगळे त्याने तक्रार म्हणून सांगितले नाही. गणितातली रीत सांगावी तसे सांगितले.

पबजीच्या जुन्या दिवसांत भारत आणि पाकिस्तानची मुले एकाच मैदानात उतरत असत. विमान सुटण्याआधी सगळे खेळाडू एका छोट्या बेटावर जमतात, तिथे माईक सगळ्यांसाठी उघडा असतो. त्या एका मिनिटात दोन्हीकडून जो घोषणांचा आणि शिव्यांचा भडिमार चाले, तो आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आम्हाला वर्णन करून सांगितला आहे. टीव्हीवर रात्री नऊ वाजता जे ऐकले ते दहा वाजता तिथे ओकायचे. 'प्रोपगंडा' शब्दाचा जन्म धर्मप्रसारासाठी 1622 साली रोममध्ये पोपने नेमलेल्या मंडळाच्या नावातून झाला. मराठीने त्याची सोय छान केली आहे. आपण करतो तो प्रचार, समोरचा करतो तो अपप्रचार. या बेटावर मात्र दोन्ही एकाच आवाजात चालत.

पण 2021 साली आलेला नवा खेळ फक्त भारतातल्या खेळाडूंसाठी काढलेला आहे. सीमेपलीकडची मुले तिथे नाहीत. आम्ही त्याला हेच म्हणालो, अरे, तिथे तर आता सगळे आपलेच.

"हौ सर," तो म्हणाला, "अब वहाँ पाकिस्तानी कोई हइच नै. फिर पाकिस्तानी कौन? मैंच."

त्या दोन 'च'वर आम्हाला काही बोलता आले नाही. वह्या टेबलावर ठेवून तो गेला.

आमच्या लहानपणी मोबाईल नव्हता, पण बेट होते. गल्लीच्या टोकाचे मैदान. दोन संघ पडायचे, एक इंडिया, एक पाकिस्तान. आमची आणि आमच्या चुलत भावाची निवड कुठे व्हायची हे सांगायला नको. कुणी दुष्टपणाने करीत नसे. ते ठरलेलेच होते, जसे उंच मुलाने गोलंदाजी करायची हे ठरलेले होते. 8 जून 1999 रोजी मँचेस्टरला विश्वचषकाचा सामना होता. कारगिल चालू होते. भारत 47 धावांनी जिंकला. कप्तान अझहरुद्दीन, त्याच्या 59 धावा. अब्बांनी त्या रात्री जिलेबी आणली आणि आम्हाला सांगितले, जा, शेजारी देऊन ये. बारा वर्षांचे आम्ही जिलेबीचा पुडा घेऊन जिना उतरलो तेव्हा पायरीवर थांबलो होतो, हे आठवते. अब्बा खूश होते यात शंका नव्हती. पण ती जिलेबी खायला होती की दाखवायला, हा प्रश्न त्या पायरीवर पहिल्यांदा पडला. दुसऱ्या दिवशी मैदानात पुन्हा संघ पडले आणि आम्ही पुन्हा पाकिस्तानकडून खेळलो. चेंडू चांगला वळत होता.

हे सगळे एकतर्फी लिहिले तर ते खोटे होईल. आमच्याच वर्गातल्या काही मुलांनी खेळात टोळी केली होती आणि तिला इतिहासातल्या एका सेनापतीचे नाव दिले होते. इतिहास म्हणजे मोबाईलवर येणाऱ्या तुर्की मालिकेतून जेवढा कळला तेवढा. ही मुले समोरच्या खेळाडूला 'काफिर' म्हणत आणि स्वतःचा गडी पडला की 'शहीद'. आम्ही विचारले तर म्हणाली, मजाक है सर. आम्ही त्या दिवशी धडा बाजूला ठेवला. उर्दू गझलेत काफिर म्हणजे प्रेयसी असते, हे सांगून मुलांना आधी लाजवले. मग सांगितले की अरबीत या शब्दाच्या मुळाशी 'झाकणे' आहे, आणि बी मातीत झाकणाऱ्या शेतकऱ्यालाही तो लागतो. आणि मग विचारले, तुम्हाला कुणी गमतीने काही म्हटले तर तुम्हाला गंमत वाटते का? कुणी बोलले नाही. शेंगाचटणी खिडकीबाहेर बघत होता. त्या टोळीत तो नव्हता, आणि तिच्याकडून त्याला काही मदत झाली असेल असेही नाही. उलट त्या टोळीला कुठे तरी काफिर म्हणताना ऐकून आलेल्या एखाद्या मुलानेच पुढच्या डावात याला पडू दिले नसेल कशावरून? मजाकचा हिशेब असाच दुसऱ्याच्या नावावर चढतो.

मोठ्यांचेही सांगितले पाहिजे. 2020च्या जूनमध्ये पबजीत एक जंगल आले होते. त्यातल्या मूर्तीसारख्या खांबापुढे खेळातले पात्र नमन केल्यासारखी हालचाल करी आणि त्याला ताकद मिळे. अरब देशांतल्या खेळाडूंनी आक्षेप घेतला, कंपनीने माफी मागितली आणि ती हालचाल काढून टाकली. इथवर ठीक. पण आमच्या मोहल्ल्यात त्यानंतर कितीतरी दिवस मोबाईलवर संदेश फिरत होते, ज्याने तो खेळ खेळला त्याचे काय काय होईल याचे. पोरे रात्री दोनपर्यंत जागून एकमेकांना काय बोलतात याबद्दल मात्र कुणी एक ओळ पाठवली नाही. पात्राच्या हाताच्या हालचालीवर एवढी चर्चा झाली, तेवढी पोराच्या तोंडातल्या शब्दावर झाली असती तर बरे झाले असते.

शाळेतही यावर बैठक झाली. मोबाईल बंद करा, पालकांना बोलवा, असे ठरले. आम्ही हात वर केला, पण मनातून खजील होतो. 2020 साली शाळा बंद पडल्या तेव्हा याच पालकांच्या घरी जाऊन, काहीही करून मुलाला मोबाईल घेऊन द्या, नाहीतर वर्ष जाईल, असे सांगणारे आम्हीच होतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाने उधारीवर घेतलेले मोबाईल होते ते. आता तेच मोबाईल आम्ही कुठल्या तोंडाने काढून घेणार? शिवाय खेळात वय विचारतात त्या चौकटीत आमच्या वर्गातला प्रत्येक विद्यार्थी कधीच अठराच्या पुढे गेलेला आहे.

2025च्या मे महिन्यात दहावीचा निकाल लागला. पहलगाम घडून महिना झाला नव्हता, सीमेवरचे चार दिवस नुकतेच संपले होते, आणि सगळ्यांच्याच तोंडात एकच विषय होता. शेंगाचटणी पेढे घेऊन घरी आला. त्याला 71 टक्के मिळाले होते, उर्दूत सगळ्यात कमी, आणि त्याबद्दल तो आमची माफी मागत होता. आम्ही म्हणालो, माफी नको, तुझा तो खेळ आम्हाला दाखव. तो इतका चकित झाला की पेढ्याचा पुडा हातातच राहिला.

त्याने आमच्या मोबाईलवर सगळे घालून दिले. मग नावाची चौकट आली. आम्ही स्वतःचे नाव अर्धे लिहिले आणि थांबलो. हा मुलगा शेजारी बसला होता. आम्ही ते अर्धे नाव पुसले आणि 'मास्तर' लिहिले. तो काही बोलला नाही. आम्हीही काही बोललो नाही.

चौघांच्या गटात तो, आम्ही आणि त्याचे खेळातलेच दोन मित्र. एक लातूरकडचा, एक कुठला ते कळले नाही. दोघे त्याला चटणी म्हणूनच ओळखत होते. खरे नाव त्यांनी कधी विचारले नव्हते आणि याने सांगितले नव्हते. सुटण्यापूर्वीच्या बेटावर आम्ही एक मिनिट उभे होतो. काय ऐकले ते इथे लिहीत नाही. आवाज कोवळे होते, काहींचे तर अजून फुटलेलेही नव्हते. आमच्या वर्गातले वाटावेत असे.

उडी मारली तर आम्ही थेट समुद्रात. पोहत किनारा गाठेपर्यंत बाकीच्यांनी दोन घरे लुटून संपवली होती. "मास्तर, या इकडं, बंदूक ठेवलीय तुमच्यासाठी," लातूरचा म्हणाला. आम्ही बंदूक उचलली आणि तिच्याऐवजी हातगोळा फेकला. कुणाला लागला नाही. "आपण जिंकतोय बरं का मास्तर, घाबरू नका." उर्दूत आम्ही आणि आपण दोन्हींना 'हम' हा एकच शब्द आहे. मराठी लिहिताना त्यांतला कुठला घ्यावा यावर आम्ही अजूनही अडखळतो, आणि बहुतेक वेळा 'आम्ही'च लिहून मोकळे होतो. त्याला मात्र विचार करावा लागला नाही.

दहाव्या मिनिटाला आम्हाला गोळी लागली. पडलो, सरपटू लागलो. पडदा लाल झाला. चटणी लांब होता. लातूरचा मुलगा उघड्या शेतातून धावत आला आणि आमच्यापाशी बसला. ते सात-आठ सेकंद फार लांब असतात. माणूस उठवत असताना त्यालाही गोळी लागू शकते, हे आम्हाला तोवर कुणी सांगितले नव्हते.

"उठा मास्तर," तो म्हणाला. आणि लगेच, "तुम्ही खरेच मास्तर आहात का? कुठल्या शाळेत?"

आम्ही शेजारी पाहिले. हा प्रश्न आम्हाला होता, पण उत्तर त्याचे होते. आम्ही शाळेचे नाव सांगितले की चटणीचे सगळे उघडे पडणार. दोन वर्षे त्याने सांभाळलेले. कुठल्या तरी शाळेत, असे म्हणायला आम्ही तोंड उघडले.

त्याआधी तोच बोलला. मान वर न करता, मराठीत. "माझे सर आहेत. उर्दू हायस्कूलला. मी पण तिथलाच."

मग त्याने स्वतःचे नाव सांगितले.

माईकवर काही ऐकू आले नाही. पंखा फिरत होता तेवढाच आवाज. पडद्याच्या कडेला आमच्या चौघांची नावे होती, त्यातले एक फिकट झाले. तो दुसरा, ज्याचे गाव कळले नव्हते. नेट गेले की तो गेला, आम्हाला कळले नाही. चटणीलाही कळले नाही, त्याने दोनदा हाक मारून पाहिली.

वर्तुळ आवळत होते. मग लातूरचा आवाज आला, घाईचा.

"सर, डावीकडच्या घरात एकजण आहे. खाली बसा. सर, बसा की खाली!"

आम्हाला बसायचे बटण सापडेना.